बायाआजीचा पाट

निस्सीमचं पत्र आलं तेव्हा मी गिरणीच्या कोठारात सुताच्या पेट्यांवर खडूने खुणा करत होतो. टपालवाला आत डोकावून ओरडला, "हसकेल, तुला पत्र! अक्षर बाईचं नाही, घाबरू नकोस." कोठारातले सगळे हसले. मीही हसलो. मग पाकिटामागचं नाव वाचलं आणि पेट्यांच्या आड जाऊन बसलो.

सात-आठ ओळी होत्या. फारसं न शिकलेल्या माणसाचं मोठं, दाबून काढलेलं अक्षर.

'तू पुस्तकं वाचणारा माणूस आहेस, म्हणून तुला विचारतो. सिप्पोराने मला जे सांगितलं ते खरं आहे का? आम्ही मोरोक्कोच्या डोंगरातले, म्हणून तुमच्या घराला मी हलका वाटलो का? मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत काय झालं ते मला कोणी सांगत नाही. खरं असेल तर नुसतं हो लिही. पुन्हा त्रास देणार नाही.'

मी हो लिहिलं नाही. नाहीही लिहिलं नाही. मनातल्या मनात मात्र उत्तरं पुष्कळ लिहिली. माझा स्वभावच तसा आहे. दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी मी घरी येऊन त्याच्याशी भांडतो.

आम्ही मूळचे अलिबागजवळचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. गावात आमचा तेलाचा घाणा होता. शनिवारी आम्ही घाणा जुंपत नसू, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणे. कागदोपत्री आणि भांडणात म्हणे 'इस्राएल'. त्यात अपमान नव्हता. आगरी होते, कोळी होते, मुसलमान होते, तसे आम्ही इस्राएल. मग समुद्रापार आमच्याच नावाचा आपला देश झाला म्हणून सगळे निघाले, तसे आम्हीही निघालो. बोटीतून उतरलो आणि आठवड्याच्या आत 'हिंदी' झालो. "हिंदींच्या इमारती", "हिंदींची रांग", "ए हिंदी, जरा सरक." वाळवंटाच्या काठावर नवं गाव वसत होतं, तिथे आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आम्ही म्हणजे मी, माझी बायको दिना, आमची तान्ही नओमी, माझी धाकटी बहीण सिप्पोरा आणि लेआमावशी. आईवडील कोकणातच वारले होते. सिप्पोराला मीच वाढवली. खरं तर तिनेच मला वाढवलं असं दिना म्हणायची. बाजारात घासाघीस करायची ती सिप्पोरा. घरमालकाशी, शेजाऱ्याशी, कचेरीतल्या कारकुनाशी बोलायची ती सिप्पोरा. मी मागे पिशवी धरून उभा.

इथली भाषा मात्र सगळ्यांत आधी मी शिकलो. प्रार्थनेच्या पुस्तकातली भाषा मला गावापासून येत होती. इथे आल्यावर वर्तमानपत्र, मग गिरणीच्या वाचनालयातलं कपाट. बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटे, पण वाचलेलं कळे. त्यामुळे आमच्या इमारतीतल्या म्हाताऱ्यांचा दुभाषा मी. "हसकू, ह्या मेल्याला सांग, माझा दात डावीकडचा आहे."

सिप्पोरा सैन्यात गेली. इथे मुलींनाही जावं लागतं. दोन वर्षांनी परत आली ती खांद्यावर हुद्द्याची पट्टी घेऊन आणि निस्सीमचं नाव घेऊन. तो सैन्याच्या गाड्या दुरुस्त करायचा. उंच, वाकून चालणारा, खिशात कायम भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने लेआमावशीच्या पाया पडायचा प्रयत्न केला. सिप्पोराने त्याला शिकवलं होतं. उंची जास्त असल्यामुळे तो पडलाच. मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"दांडगा आहे," मावशी म्हणाली, "पण लाकूड चांगलं आहे."

त्याची आई आधी नाराज होती. आम्ही काळे, आमच्या प्रार्थनेची चाल वेगळी, आमच्या स्वयंपाकाला खोबऱ्याचा वास. मग एकदा ती आमच्याकडे आली. मावशीने तिच्यापुढे नारळाच्या दुधातला हलवा ठेवला आणि स्वतःचा हात उताणा करून, तळव्यावर बोटाने मेंदीची नक्षी काढून दाखवली. त्या बाईचे डोळे मोठे झाले. तिनेही तळवा पुढे केला आणि त्यांच्याकडची नक्षी काढली. त्यांच्यातही लग्नाआधी मेंदी असते! दोघींना एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तासभर तळव्यांवर बोटं फिरवत, मान डोलावत बसल्या. जाताना त्या बाईने सिप्पोराच्या कपाळाचं चुंबन घेतलं. लग्न ठरलं.

लग्न नोंदवायला दोघं मोठ्या शहरातल्या धर्मकचेरीत गेली आणि दुपारीच परत आली. सिप्पोराने पिशवी टेबलावर आपटली.

"कारकुनाने आडनाव वाचलं. वरसोलकर. म्हणाला, हिंदी का? मग थांबा. म्हणे आमच्यासाठी नवा नियम निघालाय. आईबाप, आजीआजोबा आणि त्यांच्यावरचेही, जितकं मागे जाता येईल तितकं तपासायचं. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस साक्षीला आणा म्हणाला."

"फक्त आपल्यासाठी?" मी विचारलं.

"फक्त आपल्यासाठी. दादा, बंदूक हातात दिली तेव्हा कोणी आजी विचारली नाही. तेव्हा नाव आणि बुटांचं माप विचारलं."

निस्सीम दारात उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तिचा आवाज कळत होता. त्याने बियांची पुडी माझ्यापुढे धरली. मी मूठभर घेतल्या.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी लेआमावशीजवळ बसलो. ती गॅलरीत मसूर निवडत होती. मला काही सांगायचं होतं. वाचनालयातल्या एका जाड धर्मग्रंथात मी एक प्रकरण वाचलं होतं. ते वाचताना मला बायाआजी आठवली होती, म्हणजे माझ्या आईची आणि लेआमावशीची आई. पण मी ग्रंथ बरोबर समजलो होतो का? मी काही पंडित नव्हतो. आणि सत्तरीच्या बाईला तिच्या आईच्या लग्नाबद्दल असं काही सांगायचं तरी कसं?

"मावशी, उद्या थोडक्यात बोल."

"का रे?"

"विचारतील तेवढंच."

"मेल्या, तू मला बोलायला शिकवतोस? चार माणसांत तुझ्या तोंडाला कुलूप." तिने एक खडा उचलून माझ्याकडे फेकला. "आपल्या घरात लपवण्यासारखं काय आहे? खुशाल विचारू देत."

मी आत गेलो. दिनाने विचारलं, सांगितलंत का? मी म्हणालो, सांगितलं.

कचेरीच्या बोळात एक लांब लाकडी बाक होता. साक्ष मुलीच्या घराची, म्हणून निस्सीमला आत सोडलं नाही. तो बाकावर बसला, बियांची पुडी मांडीवर. "मावशी, लवकर ये," तो शिकवलेलं मराठी म्हणाला. मावशीने त्याच्या गालावर चापट मारली आणि आम्ही तिघं आत गेलो.

रब्बी एकटेच होते. कृश, पांढरी दाढी, सारखा खोकला. मी कल्पना केली होती तसे मुळीच नव्हते. त्यांनी उठून मावशीला स्वतः खुर्ची दिली. पुढे कोरा कागद आणि शाईची लेखणी. मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "काजी दिसतो चांगला." गावाकडे धर्मगुरूला आम्ही काजीच म्हणायचो.

प्रश्न सुरू झाले. रब्बी विचारत, मी मराठीत सांगे, मावशी बोले, मी उलटं सांगे. मी सुरुवातीला अडखळत होतो, मग सरावलो.

शनिवारी काय करत होता? घाणा बंद, चूल बंद, बैलसुद्धा उभा. मासे कोणते खात होता? खवले असलेलेच, कोळीण टोपली उतरवायच्या आधीच आमच्यासाठी वेगळे काढायची. उपासाचा मोठा दिवस?

"दारफाळणीचा सण," मावशी म्हणाली. "दारं लावून घ्यायची. त्या दिवशी कोणाशी बोलायचं नाही, शिवायचं नाही. सगळ्या गावाला ठाऊक. त्या दिवशी मुसलमानांची पोरंसुद्धा आमच्या आळीत ओरडत नसत."

मी सांगितलं. रब्बींच्या बोटांत फिरणारी लेखणी थांबली. "दारं लावून," ते स्वतःशी म्हणाले. "इतक्या दूर. कोणी शिकवायला नाही, पुस्तक नाही, आणि दारं लावून." त्यांचे डोळे भरले होते, की खोकल्याने तसं झालं होतं, मला आता सांगता येणार नाही. "मुला," ते मला म्हणाले, "ज्या गावात मी जन्मलो तिथे दारं लावायला आता कोणी नाही. आम्ही फार थोडे उरलोय. म्हणून इतकं विचारावं लागतं. तिला सांग, राग मानू नकोस म्हणावं."

मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "राग कसला? विचार म्हणावं."

सिप्पोरा माझ्याकडे पाहून हसली. काम झाल्यासारखंच होतं.

"एवढंच राहिलं," रब्बी म्हणाले. "तिच्या आईचं लग्न धर्माप्रमाणे झालं होतं का?"

मी मराठीत म्हणालो, "मावशी, बायाआजीचं लग्न रीतीने झालं होतं ना? नुसतं हो म्हण."

मावशीची मान ताठ झाली.

"नुसतं का? आमच्या आईवर संशय घेतायत की काय?"

"नाही गं. हो म्हण."

"थांब, नीट सांगते. काजीला कळू दे आमचं घर कसलं होतं ते. आईचा पहिला दादला, समाजी त्याचं नाव. सुतार. गलबतातून एडनला गेला तो गेलाच. निरोप नाही, सांगावा नाही. आई सहा पावसाळे बंदरावर जाऊन उभी राहिली. मग मुकादमाने पंच बसवले. पंच म्हणाले, पोरीने किती दिवस लाटा मोजायच्या? हिचा पाट लावा. आमच्या बापाशी पाट लावला. चोरून नाही हो, भर दुपारी! आगऱ्यांच्या आळीतून नारळ आले, खोताने मांडवाला पोफळी दिल्या, एलियाहू हनबीच्या नावाने मलिदा झाला. ताट फिरलं तेव्हा गावातलं एक माणूस प्रसादाला हात लावल्याशिवाय गेलं नाही. असं लग्न झालं. सांग! माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

रब्बी वाट पाहत होते.

"ती म्हणते," मी म्हणालो, "लग्न पंचांसमोर, रीतीने झालं. सगळं गाव हजर होतं."

"एवढं बोलली ती."

"म्हाताऱ्या माणसाला तेच तेच सांगायची सवय असते."

रब्बी हसले. "माझीही आई अशीच होती. आणि त्याआधी त्या बाईचं दुसऱ्या कोणाशी लग्न झालेलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"दादा," सिप्पोरा मराठीत म्हणाली, "तू मावशीला विचारलंच नाहीस."

"गप्प बस."

"पण ती आत्ताच म्हणाली, समाजी..."

"सिप्पोरा, गप्प बस."

आयुष्यात मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती लाल झाली. "बायाआजीच्या पाटाची तुला लाज वाटते? ह्या लोकांसमोर? सहा वर्षं वाट पाहिली बाईने. तिला चोरासारखी लपवून मी लग्न करू?" आणि मी पुढे काही बोलायच्या आत ती रब्बींकडे वळली आणि सैन्यात शिकलेल्या स्वच्छ भाषेत म्हणाली, "माझ्या भावाने नीट सांगितलं नाही. तो भिडस्त आहे. आजीचं आधी एक लग्न झालं होतं." आणि तिने सगळं सांगितलं. गलबत, बंदर, पंच, नारळ, पोफळी. मावशीपेक्षाही सुंदर सांगितलं. मावशी मान डोलावत होती, शब्द कळत नसला तरी.

रब्बींनी हळूच विचारलं, "पहिला नवरा मेलेला कोणी पाहिला?"

"नाही."

"त्याने सोडचिठ्ठी दिली होती?"

"समुद्रातून?" सिप्पोरा म्हणाली.

रब्बींनी लेखणी बाजूला ठेवली. दौत झाकली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला कळलं की मी ग्रंथ बरोबर समजलो होतो, आणि त्यांना हेही कळलं होतं की मला ठाऊक होतं.

"मुली," ते म्हणाले, "नवरा मेल्याचा पुरावा नाही, सोडचिठ्ठी नाही, तर ती बाई त्याचीच बायको राहते. दुसऱ्या पुरुषापासून तिला जी मुलं होतात..." ते थांबले. अशा मुलांना धर्मशास्त्रात एक शब्द आहे. त्यांनी तो उच्चारला. मी इथे लिहीत नाही. "त्या मुलांना आपल्यात लग्न करता येत नाही. त्यांच्या मुलांनाही नाही. दहाव्या पिढीपर्यंत नाही."

"पण पंचांनी परवानगी दिली होती."

"पंचांना तो अधिकार नव्हता. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याजवळ पुस्तकं नव्हती. त्यात त्यांचा दोष नाही."

"मग दोष कोणाचा?"

रब्बींनी पुढचा कागद सरळ केला.

"मी ह्या देशाची नागरिक आहे," सिप्पोरा म्हणाली. आवाज अजून खाली आला नव्हता. "माझ्याकडे कागद आहे. मी दोन वर्षं सैन्यात होते. अलिबागेला मामलेदार कचेरीत जाऊन कोणीही लग्न नोंदवतं, आजी विचारत नाहीत. इथे तशी कचेरी कुठे आहे?"

"इथे तशी कचेरी नाही."

"मग आम्ही बाहेर कुठेतरी जाऊन करू."

"करा. पुढे तुमची मुलं इथेच, असल्याच एका खोलीत येतील."

मावशीने माझी बाही ओढली. "काय म्हणतो काजी? पसंत पडली ना साक्ष?"

"थांब, मावशी."

रब्बींनी मला विचारलं, "तुझी आणि हिची आई एकच?"

"हो."

"तुला मुलं?"

"एक मुलगी. तीन वर्षांची."

ते उठले. खिडकीपाशी गेले, खोकले, परत आले. कोरा कागद उचलून त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिला, जणू काही लिहिलंय का ते तपासत होते. "मी अजून हे लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "अर्ज आहे तोवर मला लिहावंच लागेल. मी ऐकलंय. न ऐकल्यासारखं मला करता येणार नाही. लिहिलं की ते हिच्यावर राहील, तुझ्यावर राहील आणि तुझ्या मुलीवर राहील. पण अर्जच मागे घेतला, तर साक्ष नाही. साक्ष नाही तर कागद नाही." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "ह्यापेक्षा जास्त मला काही करता येत नाही. मी फार लहान माणूस आहे."

सिप्पोराने माझ्याकडे पाहिलं.

ती काय विचारत होती, मला ठाऊक होतं. एक शब्द पुरला असता. 'लिहू देत' म्हटलं असतं तर आम्ही सगळे एका बाजूला उभे राहिलो असतो. किंवा 'मागे घे' म्हटलं असतं, तर निदान ते माझं म्हणणं झालं असतं. माझ्या डोळ्यांसमोर नओमी होती, सकाळी निघताना माझ्या चपलांत पाय घालून खोलीभर फिरणारी. मी खाली पाहिलं. फरशीवर काळे-पांढरे चौकोन होते.

"कुठे सही करू?" मला तिचा आवाज ऐकू आला.

बाहेर निस्सीम उठून उभा राहिला. बाकाखाली बियांच्या टरफलांचा ढीग पडला होता आणि तो पायाने तो लपवायचा प्रयत्न करत होता.

"झालं? तारीख दिली?"

"मी अर्ज मागे घेतला," सिप्पोरा म्हणाली. "मला लग्न करायचं नाही."

तो हसला. तिला चेष्टेची सवय होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. हसू हळूहळू उतरलं.

"काय झालं आत?"

"काही नाही. विचार बदलला."

"आत जाताना बदललेला नव्हता." तो तिच्याजवळ गेला. "काय म्हणाले ते? तुमच्याबद्दल काही म्हणाले? मला काही फरक पडत नाही. तू कोणाचीही असलीस तरी..."

तिने डोळे मिटले. ते ऐकायची तिला भीती होती, हे आज मला कळतं. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, लिहू देत. आणि तिने ऐकलं असतं.

"माझ्या घरच्यांनी काही म्हटलं का?" त्याचा आवाज बदलला. "आई परवा तुझ्या भावाला जेवताना हसली, ते? की आम्ही डोंगरातले, अडाणी, म्हणून? तुमच्या घरात पुस्तकं आहेत. आमच्या घरात बकऱ्या होत्या. म्हणून?"

"हो," सिप्पोरा म्हणाली. "म्हणूनच."

मी शेजारी उभा होतो. मला ती भाषा उत्तम येत होती.

निस्सीमने बियांची पुडी बाकावर ठेवली, अगदी सावकाश, सांडू नये अशी. आणि बोळातून निघून गेला.

"अगं, जावई कुठे चालला?" मावशी म्हणाली. "हसकू, काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही, मावशी. तारीख पुढे ढकलली."

"सगळं नीट सांगितलं ना रे मी?"

"सगळं नीट सांगितलंस."

मावशी दोन वर्षांनी गेली, तारीख विचारत.

सिप्पोरा तिच्याआधीच गेली होती, कोकणात परत. मी बंदरावर पोचवायला गेलो होतो. ती म्हणाली, "दादा, नओमीला गणित तू शिकवू नकोस, तुझं कच्चं आहे." एवढंच. तिथे तिने शिवणाचा वर्ग काढला. तिची पत्रं येत आणि मी त्यांना उत्तरं देई, हवापाण्याची. पहिल्याच पत्रात तिने लिहिलं होतं की इथलं नागरिकत्व घेताना जन्माच्या देशाचं गेलं होतं, त्यामुळे आता तिला अलिबागच्या पोलीस ठाण्यात परदेशी म्हणून नाव नोंदवावं लागलं. नोंदवणारा हवालदार हिराजी म्हात्रे, तिच्या वर्गातला.

'हिराजी म्हणाला, राष्ट्रीयत्व? मी म्हटलं, हिराज्या, तुझ्या बापाच्या झाडाच्या कैऱ्या मी चोरल्यात. तो म्हणाला, ते खरं गं, पण इथे रकाना आहे. मग दोघंही हसलो. मग मी बाहेर येऊन रडले, दादा. तू हे वहिनीला सांगू नकोस.'

निस्सीमचं पत्र त्याच सुमारास आलं. त्याला खरं लिहायचं म्हणजे दहा पिढ्यांचा तो शब्द कागदावर उतरवायचा, माझ्या हाताने, आणि परक्या घरात ठेवायचा. मी पेट्यांच्या आड बसून पत्राची घडी केली. आमच्या लोकांनी पुढे राजधानीत जाऊन धरणं धरलं, उपास केले. मी गेलो नाही, मला गर्दीत घाबरायला होतं. नियम सैल झाला. नओमीचं लग्न त्याच कचेरीत नोंदलं गेलं. तरुण कारकुनाने आडनाव वाचून मानसुद्धा वर केली नाही. बोळात बाक तोच होता. मी त्याच्यावर बसलो नाही.

सिप्पोरा गेल्या श्रावणात वारली. शिवणाच्या वर्गातल्या मुलींनी खांदा दिला, असं फोनवर कळलं. परदेशी बाईचा मृत्यू म्हणून पोलिसांना कळवावं लागलं का, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

त्यानंतर मी निस्सीमला पत्र लिहायला बसलो. पुष्कळ कागद फाडले. शेवटी जे राहिलं ते असं:

'तुम्ही विचारलं होतं, ते खरं आहे का. नाही. आमच्या घराला तुम्ही कधीच हलके वाटला नाहीत. हलके आम्ही आहोत असं आम्हाला त्या खोलीत सांगण्यात आलं. सिप्पोरा खोटं बोलली, माझ्या मुलीचं नाव त्या कागदावर चढू नये म्हणून. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. तिने लग्न केलं नाही. लेआमावशी तुम्हाला शेवटपर्यंत जावई म्हणत होती.' खाली गलबताची, बंदराची आणि पाटाची हकिकत लिहिली, मावशीने सांगितली तशी, नारळ आणि पोफळी न वगळता. आणि तो शब्दही लिहिला.

पत्र मी नओमीपुढे ठेवलं. ती आता साठीच्या घरात आहे, तिच्या धाकट्या मुलीचं लग्न व्हायचंय. तिला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिने चष्मा लावून वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी तिच्या हातांकडे पाहत राहिलो. नको म्हणाली असती तर मी फाडलं असतं. मनातून मला तसंच हवं होतं की काय, मला माहीत नाही.

"आत्या दर वाढदिवसाला मला फ्रॉक शिवून पाठवायची," ती म्हणाली.

"हो."

"मी एकदाही तिला उत्तर लिहिलं नाही. तुम्ही लिहायचात, माझ्या वतीने." तिने चष्मा काढून पत्रावर ठेवला. मग उठून आतल्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. "त्याच पत्त्यावर आहेत, बाबा. सफरचंदांची बाग आहे. मुलगा होता फोनवर. म्हणाला, ऐकू कमी येतं त्यांना, पण वाचतात."

आम्ही दोघं कोपऱ्यापर्यंत चालत गेलो. परगावच्या पत्रांची लाल पेटी तिथे आहे. वाळूमुळे तिचं झाकण नेहमी अडकतं. मी एका हाताने ते उचलू लागलो, पण माझ्या बोटांत आता तेवढा जोर राहिलेला नाही.

नओमीने दोन्ही हातांनी झाकण वर धरलं. मी पत्र आत सोडलं.